प्रमाणपत्र राहू द्या, अहवालाचं दुसरं पान दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाच्या जंतुनाशक खरेदीची बातमी आपल्या अंकात वाचली. शस्त्रक्रियागृहात धुरळायला हायड्रोजन पेरॉक्साइड, फरशी आणि खाटा पुसायला सोडियम हायपोक्लोराइट, आणि दोन्हींच्या कागदपत्रांत ‘९९.९ टक्के जंतूंचा नायनाट’ असं प्रमाणपत्र. बातमीत सगळा वाद दराचा होता. कोणाचा लिटर स्वस्त, कोणाची निविदा मुदतीनंतर आली, कोण कोणाचा पाहुणा. त्यात मला पडायचं नाही. माझं म्हणणं त्या प्रमाणपत्राबद्दल आहे, ज्याविषयी ना खरेदी समितीच्या सदस्यांनी तोंड उघडलं ना अधिकाऱ्यांनी.

मी मिरजेची. एका खासगी तपासणी प्रयोगशाळेच्या सूक्ष्मजीव विभागातून निवृत्त झाले. जंतुनाशकं तपासणं हेच काम होतं. बाटली यायची, सोबत कंपनीचं पत्र यायचं, आणि पत्रातलं अर्धंअधिक खोडून आम्ही कामाला लागायचो. त्यामुळे ९९.९ हा आकडा दिसला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

आधी हिशेब करू. फरशीच्या एका तुकड्यावर १० लाख जिवाणू आहेत असं धरा. ९९.९ टक्के मेले म्हणजे १,००० उरले. ई. कोलायसारखा जिवाणू मनाजोगतं खाणं आणि ऊब मिळाली तर साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. दहा वेळा दुप्पट झाले की १,००० चे पुन्हा १० लाखांवर, म्हणजे ३ तास २० मिनिटं. रुग्णालयाच्या फरशीवर इतकी चैन त्यांना मिळत नाही हे खरं, पण सांडलेलं सलाईन, रक्ताचा थेंब, ओलं फडकं एवढ्यावरही त्यांचं बरंच भागतं. म्हणून तर युरोपच्या वैद्यकीय मानकात जिवाणूनाशक म्हणवून घ्यायचं असेल तर १ लाख पटींची घट दाखवावी लागते. टक्क्यांत सांगायचं तर ९९.९९९. आपल्याकडे तीन नऊवर हार-तुरे होतात.

बरं, हे ९९.९ टक्के कोणाचे? प्रमाणपत्रात बहुधा दोन नावं असतात, ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस. दोन्ही रोग करणारे असले तरी मारायला सोपे. खरी परीक्षा बीजाणूंची, ज्यांना आम्ही प्रयोगशाळेत स्पोअर म्हणायचो. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूंना उपासमार जाणवली की ते स्वतःच्या आत एक कोठी बांधतात आणि बाकीची पेशी सोडून देतात. त्या कोठीत पाणी अगदी कमी, कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल भरलेलं, डीएनएला बारीक प्रथिनं घट्ट चिकटलेली, आणि बाहेरून प्रथिनांची जाड कवचं. खाणं नाही, श्वास नाही, वाढ नाही. धनुर्वाताचा जंतू याच रूपात मातीत वर्षानुवर्षं पडून असतो. आपण रात्रभर बाहेर ठेवलेल्या भाताने पोट बिघडवणारा बॅसिलस सिरियसही याच रूपात शिजण्यातून वाचतो. अल्कोहोल या बीजाणूंचं काही वाकडं करत नाही. हाताला लावायचं सॅनिटायझर बीजाणूच्या बाबतीत शून्य. फिनाईलचंही तेच.

बीजाणू मारणारी, खोलीत वापरता येतील अशी रसायनं मोजकी आहेत, आणि त्यांतली बरीचशी ऑक्सिडीकरण करणारी आहेत: क्लोरीन देणारी हायपोक्लोराइटं, क्लोरीन डायऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, पेरॅसिटिक ॲसिड, ओझोन. म्हणजे त्या निविदेत मागवलेला माल जातीचा बरोबर आहे. पण या रसायनांनी बीजाणू मरू शकतो आणि या बाटलीने, या पातळपणात, इतक्या मिनिटांत मेला, या दोन वाक्यांत फार अंतर आहे. ते अंतर चाचणीनेच भरून निघतं.

ही चाचणी बाहेरच्या माणसाने सहसा पाहिलेली नसते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. जिवाणूंसाठी साधी ‘सस्पेन्शन’ चाचणी अशी. नळीत १ मिलिलिटर घाण घ्यायची. घाण म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, ठरलेल्या मापाचं. स्वच्छ जागेसाठी थोडं, रक्तमांसाच्या जागेसाठी त्याच्या दहापट. त्यात १ मिलिलिटर जिवाणूंचं पाणी, ज्यात १० कोटींच्या वर जीव. मग ८ मिलिलिटर जंतुनाशक घालायचं आणि घड्याळ सुरू करायचं. शेवटी नळीत १० मिलिलिटर होतात, म्हणून औषध आधीच सव्वापट तीव्र बनवून ठेवावं लागतं. नवी मुलं नेमकी इथे घसरतात. पातळ करायला ऊर्ध्वपातित पाणी चालत नाही, मुद्दाम क्षार घालून जड केलेलं पाणी लागतं, कारण वॉर्डातला कर्मचारी बादली नळाखालीच धरणार. ठरलेला वेळ झाला की त्यातलं १ मिलिलिटर उचलून लगेच न्यूट्रलायझरच्या नळीत.

हा न्यूट्रलायझर म्हणजे उतारा. माझं सगळं पत्र खरं तर त्या नळीसाठी आहे.

जिवाणू वाढवून मोजायच्या बशीत जंतुनाशकही त्यांच्यासोबत गेलं तर तिथेही ते त्यांना वाढू देत नाही. बशी कोरी दिसते. पाहणारा म्हणतो, सगळे मेले. मेलेले नसतात, दाबून धरलेले असतात. या सापळ्यात क्षयाचा जंतू शोधणारे खुद्द रॉबर्ट कॉख सापडले होते. १८८१ साली त्यांनी अँथ्रॅक्सचे (काळपुळीचे) बीजाणू रेशमाच्या धाग्यांवर वाळवून एकामागून एक औषधांत बुडवले, आणि पाऱ्याचा क्लोराइड बीजाणूंचा काळ आहे असा निष्कर्ष काढला. १८८९ मध्ये गेपर्ट या संशोधकाने दाखवलं की धाग्याला चिकटून आलेला पाराच वाढ रोखत होता. अमोनियम सल्फाइडने तो पारा निकामी केला तर तेच ‘मेलेले’ बीजाणू उगवतात. रेशमाच्या धाग्याचा हा घोळ मिटायला आठ वर्षं लागली, तीही कॉखसारख्याच्या बाबतीत.

म्हणून क्लोरीनला सोडियम थायोसल्फेट, पेरॉक्साइडला कॅटालेज, असा ज्या त्या औषधाचा वेगळा उतारा ठेवावा लागतो. आणि तो ठेवला एवढ्याने भागत नाही. उतारा स्वतः जिवाणूंना मारत नाही ना, आणि औषधाला खरंच थांबवतो ना, याच्या वेगळ्या बशा लावाव्या लागतात. हे आकडे अहवालाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर येतात. पहिल्या पानावर येतं ९९.९, गोल शिक्का आणि सही. निविदेला जोडलं जातं ते पहिलं पान.

कॅटालेज म्हणजे काय ते आपल्या प्रत्येक वाचकाने पाहिलेलं आहे. गुडघा फुटला, आईने पेरॉक्साइड ओतलं, पांढरा फेस आला, आणि आई म्हणाली, बघ जंतू मरतायत. तो फेस आपल्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटालेज या विकराने (एन्झाइमने) पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन केल्याचा आहे. म्हणजे फेस दिसतो तेव्हा औषध खर्ची पडत असतं. स्टॅफिलोकॉकसकडेही हे कॅटालेज असतं, काचपट्टीवर थेंब टाकला की तोही बुडबुडे काढतो. शस्त्रक्रियागृहात टेबलाखाली रक्त वाळलेलं असेल तर वरून पेरॉक्साइडचं धुकं सोडून तिथे तोच प्रकार होतो. आधी साबणपाण्याने घासा, मग धुकं सोडा. हे कुठल्याही जुन्या सिस्टरला ठाऊक असतं, फक्त निविदेत घासण्याच्या मजुरीचा रकाना नसतो.

आता बीजाणूंच्या चाचणीकडे येते. इथे तयारीच दिवसांची. बॅसिलस सबटिलिस मँगनीज घातलेल्या माध्यमावर वाढवायचा, उपाशी पडू द्यायचा, मग खरवडून, धुऊन, ७५-८० अंशांवर १० मिनिटं तापवायचा, म्हणजे साध्या पेशी मरतात आणि बीजाणू उरतात. मग काचपट्टी करायची. मॅलाकाइट ग्रीनचा हिरवा रंग वाफेवर धरून चढवायचा, पाण्याने धुवायचं, सॅफ्रॅनिनचा गुलाबी रंग लावायचा. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू हिरवेगार ठिपके आणि साध्या पेशी गुलाबी काड्या. गुलाबी जास्त दिसलं की माल परत. अमेरिकेच्या जुन्या प्रमाणित पद्धतीत तर आधी बीजाणूंचीच परीक्षा घेतात: हायड्रोक्लोरिक आम्लात (तीव्रता २.५ नॉर्मल) निदान २ मिनिटं तग धरला पाहिजे. नाही धरला तर ते बीजाणू चाचणीच्या लायकीचे नाहीत. मला ही पद्धत फार आवडायची. ज्याच्याशी कुस्ती लावायची त्याच्या अंगात दम आहे का ते आधी पाहा.

त्याच पद्धतीत शेवटी नळ्या २१ दिवस उबवून ठेवतात. तेवढ्यावरही काही उगवलं नाही तर झोपलेला बीजाणू जागा व्हावा म्हणून ८० अंशांवर २० मिनिटं तापवून आणखी ३ दिवस ठेवतात. कारण हायपोक्लोराइट किंवा क्लोरीन डायऑक्साइड मुख्यतः बीजाणूच्या आतल्या पडद्यावर घाव घालतं. जो पुरता घायाळ झाला तो उगवू पाहतो आणि फुटतो. जो अर्धवट वाचला तो उशिरा, रडतखडत उगवतो. दोन दिवसांत ‘नो ग्रोथ’ लिहून मोकळं होणाऱ्याला तो दिसतच नाही.

आणि आपल्याकडे शस्त्रक्रियागृहाचे स्वॅब कसे होतात? धुरळणी झाली, दुसऱ्या दिवशी टेबलावरून, दिव्यावरून, ट्रॉलीवरून बोळे फिरवले, साध्या सलाईनमध्ये बुडवले, उताऱ्याचं नाव नाही, ४८ तासांत ‘नो ग्रोथ’. अहवाल फाईलला लागतो. असे अहवाल मी गठ्ठ्याने पाहिलेत, आणि त्यावर मोतीबिंदूची शिबिरं ठरलेलीही पाहिलीत. सगळेच खोटे होते असं मी म्हणत नाही. त्यांवरून खरंखोटं कळत नव्हतं, एवढंच म्हणते.

जुन्या फॉर्मलिनच्या धुरीबद्दल काही डॉक्टर अजून हळहळतात. भांड्यात फॉर्मलिन, त्यात पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे, आणि दार लावून पळायचं. त्यात परमँगनेट जंतू मारत नव्हतं बरं का. त्याची फॉर्मलिनशी होणारी क्रिया इतकी तापते की उरलेल्या फॉर्मलिनची वाफ होते, आणि मारायची ती वाफ. मारायची चांगली, पण माणसालाही सोडायची नाही. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. ती गेली हे उत्तमच झालं. मात्र तिच्या जागी आलेल्या पेरॉक्साइडला आपण तेवढंच सोपं समजतो. कपाट किंवा खोली पेरॉक्साइडच्या वाफेने निर्जंतुक करणारे लोक आत कोपऱ्याकोपऱ्यात जिओबॅसिलस जिवाणूचे १० लाख बीजाणू लावलेल्या पट्ट्या ठेवतात आणि नंतर त्या उबवून पाहतात. रुग्णालयाने घेतलेल्या फवारणी यंत्रासोबत अशा पट्ट्या आल्यात का, हे मी बातमीत शोधलं. सापडलं नाही.

खोलीच्या पातळीवर हे काम किती चोख करता येतं त्याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये वॉशिंग्टनला हार्ट सिनेट इमारतीत सिनेटर टॉम डॅशल यांच्या कार्यालयात अँथ्रॅक्सची पूड असलेलं पाकीट उघडलं गेलं. इमारत बंद झाली. डिसेंबरमध्ये त्या दालनात क्लोरीन डायऑक्साइड वायू सोडला. वायू किती, किती तास, आणि हवेत ओलावा किती, तिन्हींवर नजर ठेवावी लागली, कारण कोरड्या हवेत तोच वायू बीजाणूंपुढे लंगडा पडतो. आत निरुपद्रवी बॅसिलसच्या बीजाणूंच्या पट्ट्या ठेवलेल्या होत्या, आणि पृष्ठभागांचे नमुने पुन्हा घेतले. इमारत उघडली जानेवारी २००२ मध्ये. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाने एवढं करावं असं मी म्हणत नाही. पट्टी मात्र काही शे-हजारांत येते.

क्लोरीनविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण ते घराघरात आणि ग्रामपंचायतीत आहे. बाटलीतलं हायपोक्लोराइट टिकावं म्हणून ते बरंच अल्कली ठेवलेलं असतं. त्या अवस्थेत क्लोरीन बहुतांश हायपोक्लोराइट आयन होऊन बसतो आणि बीजाणूंपुढे सुस्त पडतो. खरा मारेकरी हायपोक्लोरस आम्ल. पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) साधारण ७.५ ला दोन्ही निम्मे-निम्मे, त्याच्या खाली आम्ल जास्त, वर गेलं की ते झपाट्याने कमी. म्हणून ‘जास्त ओतलं की जास्त मरतं’ हे अर्धसत्य आहे. जास्त ओतल्याने पाणी आणखी अल्कलीही होतं. हे वाचून कोणी बादलीत व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नये. क्लोरीनचा वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. पीएच जुळवायचं काम प्रयोगशाळेचं.

टीसीएल पावडरचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचं, तर विचारूच नका. ताज्या ब्लीचिंग पावडरीत उपलब्ध क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि २० टक्क्यांच्या खाली गेली की ती पाण्यात टाकायच्या लायकीची राहत नाही असा आपल्या आरोग्य खात्याचा दंडक आहे. एका गावातून आमच्याकडे नमुना आला होता. पत्र्याच्या खोलीतलं, सुतळीने बांधलेलं, अर्धं वापरलेलं पोतं. पुडीत ओलसर गोळे होते, आणि पुडी उघडल्यावर नाकात झणझणलं नाही तेव्हाच मला अंदाज आला. पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसिटिक ॲसिड घातलं, थायोसल्फेट थेंबथेंब सोडलं, स्टार्चचा निळा रंग बघता बघता उडाला. ब्युरेटमधली, म्हणजे थायोसल्फेट मोजायच्या नळीतली, पातळी फारशी खाली उतरलीच नाही. ९ टक्के. त्या गावाचा जलसुरक्षक रोज इमानेइतबारे मोजून चमचे टाकत होता. वहीत सह्याही होत्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ओसरल्यावर सांगली-मिरजेच्या रस्त्यांच्या कडेने पांढऱ्या पावडरीच्या रेघा ओढलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या. फोटो छान आले. खाली घोटाभर गाळ होता. त्या गाळातला कचरा, मेलेली गुरं, शेण, हे सगळं क्लोरीन खाऊन टाकतं, आणि गाळातल्या बीजाणूंपर्यंत काही पोचत नाही. गाळ उचलून, पाण्याने धुऊन मग तीच पावडर पाण्यात कालवून शिंपडली असती तर निम्म्या मालात दुप्पट काम झालं असतं. व्हिएन्नात १८४७ मध्ये सेमेलवाइस या डॉक्टरने याच पावडरीच्या पाण्यात डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू एकदम खाली आणले. कारण ते हात धुवायला लावत होते. हातांवर पूड भुरभुरत नव्हते.

आता मुद्द्याची मागणी. ही खरेदी रद्द करा असं मी म्हणत नाही. माल चांगलाही असेल. समितीने पुरवठादाराकडून अख्खा अहवाल मागवावा. त्यात कोणत्या जिवाणूंवर चाचणी झाली, बीजाणूंवर झाली का आणि घट किती पटींची आली (युरोपच्या वैद्यकीय मानकात बीजाणूंसाठी १० हजार पट लागते), किती मिनिटांत, कोणत्या घाणीत, कसल्या पाण्यात, आणि उताऱ्याची तपासणी कुठे आहे, हे पाहावं. चाचणी ३० मिनिटांची आणि वॉर्डात फडकं मारून २ मिनिटांत कोरडं, असं असेल तर अहवाल खरा असूनही उपयोगाचा नाही. प्रत्येक खेपेला आलेल्या हायपोक्लोराइटचं टायट्रेशन (वर सांगितलं तसं थायोसल्फेट थेंबथेंब सोडून क्लोरीन मोजणं) करून घ्यावं. त्याला कुठलंही कनिष्ठ महाविद्यालय पुरेसं आहे, रसायनशास्त्राची बारावीची मुलं ते करतात. कॅन गच्चीवरच्या उन्हात ठेवू नयेत. फवारणीसोबत बीजाणूंच्या पट्ट्या घ्याव्यात, आणि स्वॅब घेणाऱ्या प्रयोगशाळेला उतारा वापरता का हे लेखी विचारावं. उत्तर ‘तो काय असतो?’ असं आलं तर प्रयोगशाळा बदलावी.

अहवालाचं दुसरं पान मला माहितीच्या अधिकारात मागता येईल. अर्ज लिहून ठेवलाय, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्पही चिकटवलाय. पण आपल्या बातमीदाराला ते पान समितीकडून आधीच मिळालं आणि आपण छापलंत, तर माझे तेवढे पैसे वाचतील.

आपली,
एक निवृत्त सूक्ष्मजीव तपासनीस,
मिरज